दुसरा घरी, तिसरा विजेता: ईसीएसी हॉकीचा २०१२-१३ चा शेवटचा महिना

मार्च २०१३ च्या पहिल्या शनिवारी ईसीएसी हॉकी या अमेरिकी कॉलेज आइस हॉकीतल्या कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठ संघांच्या गटाची, साखळी फेरी संपली. बारा संघ, प्रत्येकी २२ सामने. वरचे चार असे होते (विजय-पराभव-बरोबरी, मग गुण):

१. क्विनिपियाक: १७-२-३, ३७ गुण
२. रेन्सलेर: १२-७-३, २७ गुण
३. येल: १२-९-१, २५ गुण
४. युनियन: १०-८-४, २४ गुण

सहा आठवड्यांनी यातला तिसरा संघ राष्ट्रीय विजेता होता आणि पहिला उपविजेता. चौथ्याने मधल्या काळात कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली. दुसऱ्याचा हंगाम मात्र मार्चच्या मध्यालाच आटोपला. राष्ट्रीय स्पर्धेच्या सोळा संघांत रेन्सलेरचं नाव नव्हतं. नशिबाचा वाटा यात आहेच, पण बराचसा उलगडा गणिताने होतो, आणि ते गणित कागद-पेन्सिल घेऊन करता येण्याजोगं आहे.

दोन वह्या

आयपीएलची सवय असलेल्या माणसाला गुणतक्ता म्हणजेच सगळं वाटतं. पहिले चार पुढे, गुण सारखे झाले तर नेट रन रेट, विषय संपला. अमेरिकी कॉलेज हॉकीत दोन वेगळ्या वह्या चालतात. एक कॉन्फरन्सची: तीत फक्त आपल्या कॉन्फरन्समधले सामने मोजले जातात आणि त्यावर प्लेऑफमधलं मानांकन, घरच्या रिंकवर खेळण्याचा हक्क आणि पहिल्या फेरीतून सूट, म्हणजे बाय, ठरतो. दुसरी वही राष्ट्रीय: तीत कॉन्फरन्सबाहेरचे सामने आणि प्लेऑफचे सामनेही येतात, आणि राष्ट्रीय स्पर्धेचं, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था एनसीएए हिच्या स्पर्धेचं, तिकीट त्या वहीवर मिळतं. पहिल्या वहीतला दुसरा क्रमांक दुसऱ्या वहीत विसाव्याच्याही खाली असू शकतो.

२०१३ मध्ये पाच कॉन्फरन्स होत्या: अटलांटिक हॉकी, सीसीएचए, ईसीएसी, हॉकी ईस्ट आणि डब्ल्यूसीएचए. प्रत्येकीच्या प्लेऑफ स्पर्धेच्या विजेत्याला थेट प्रवेश. उरलेल्या ११ जागा ॲट-लार्ज, म्हणजे राष्ट्रीय क्रमवारीनुसार. इथे एक गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते: साखळी फेरीत पहिला येणाऱ्याला थेट प्रवेश नसतो. क्विनिपियाकला क्लीअरी कप मिळाला, तो साखळी विजेतेपदाचा. एनसीएएचं दार उघडतो तो व्हाइटलॉ कप, आणि तो प्लेऑफ जिंकणाऱ्याला मिळतो.

कॉन्फरन्सचा हिशेब: शुक्रवार-शनिवार

त्या वेळी ईसीएसीत विजयाला २ गुण, बरोबरीला १. बरोबरीआधी पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, शूटआउट नाही. बारा संघ सहा जोड्यांत बांधलेले: येल-ब्राऊन, क्विनिपियाक-प्रिन्स्टन, हार्वर्ड-डार्टमथ, कॉर्नेल-कोलगेट, क्लार्कसन-सेंट लॉरेन्स, रेन्सलेर-युनियन. एक जोडी दुसऱ्या जोडीकडे जाते, शुक्रवारी एकाशी आणि शनिवारी दुसऱ्याशी खेळते. म्हणजे शुक्रवार-शनिवारकडे बघायचं ते चार गुणांचं गाठोडं म्हणून.

हे चार गुण कळले की फेब्रुवारीचा तक्ता वेगळा दिसू लागतो. दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात शेवटी तीनच गुणांचं अंतर होतं, एका आठवड्याच्या कमाईपेक्षाही कमी. पहिल्या आणि दुसऱ्यात दहा गुण, म्हणजे अडीच आठवडे. शीर्षस्थान कधी पक्कं झालं हे तपासायची रीत सोपी: पाठलाग करणाऱ्याचे उरलेले सामने गुणिले दोन, त्यात त्याचे आत्ताचे गुण मिळवा. बेरीज आघाडीवरच्या गुणांपेक्षा कमी असेल तर विषय संपला. बेरीज सारखी आली तर आधी परस्परांमधले निकाल पाहतात, म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत तक्त्याशेजारी परस्पर निकालांची यादी हवीच. ती नसेल तर ‘तिसरा की चौथा’ हे सांगायला जाऊ नये.

प्रवासाचा मुद्दाही आकड्यांइतकाच खरा आहे. क्लार्कसन पॉट्सडॅमला आणि सेंट लॉरेन्स कँटनला, दोन्ही न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ. येलच्या न्यू हेवनहून तिथे बसने जायचं म्हणजे सगळा दिवस रस्त्यात. शुक्रवारचा सामना ओव्हरटाइमला गेला आणि पहिल्या फळीचे खेळाडू जास्त वेळ बर्फावर राहिले, तर त्याची किंमत शनिवारी मोजावी लागते. म्हणून उरलेलं वेळापत्रक वाचताना प्रतिस्पर्ध्याच्या नावाइतकाच तो सामना शुक्रवारचा की शनिवारचा, घरचा की बाहेरचा, हे पाहायचं.

चौथं स्थान इतकं महत्त्वाचं का

त्या वेळी पहिल्या चारांना बाय. पाचव्या ते आठव्या क्रमांकाचे संघ नवव्या ते बाराव्याला आपल्या घरी बोलावून तीनपैकी दोन सामन्यांची मालिका खेळणार. जिंकणारे चौघे पुढच्या आठवड्यात वरच्या चारांच्या घरी, पुन्हा तीनपैकी दोन. प्रत्येक फेरीनंतर मानांकन नव्याने लावतात: उरलेल्यांतला सर्वांत खालचा पहिल्याकडे, त्याच्या वरचा दुसऱ्याकडे, असं.

त्या वर्षी पहिल्या फेरीतून पाचवं डार्टमथ, सहावं सेंट लॉरेन्स, सातवं ब्राऊन आणि नववं कॉर्नेल वर आलं. त्यामुळे जोड्या अशा पडल्या: क्विनिपियाक-कॉर्नेल, रेन्सलेर-ब्राऊन, येल-सेंट लॉरेन्स, युनियन-डार्टमथ. बायचा खरा फायदा म्हणजे एक पूर्ण आठवडा विश्रांती आणि दोन-तीन सामन्यांची वाचलेली झीज. तोटाही आहे: बायवाला संघ दहा-बारा दिवस स्पर्धात्मक सामन्याविना बसतो, आणि समोर येणारा नुकताच मालिका जिंकून गरम झालेला असतो. क्विनिपियाकने कॉर्नेलविरुद्धचा पहिला सामना २-३ असा गमावला. दुसरा १०-० जिंकला. तिसरा पुन्हा अटीतटीचा, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३-२. दहा गोल झाले म्हणून मालिकेत काही जास्त मिळत नाही, हे या तीन निकालांकडे पाहून पटतं.

येलने सेंट लॉरेन्सला दोन सामन्यांत संपवलं. रेन्सलेर घरच्या रिंकवर ब्राऊनकडून तीन सामन्यांत हरलं. बाकी सगळी कथा याच फरकावर उभी आहे.

दुसरी वही उघडताना

राष्ट्रीय क्रमवारीला चाहते आणि पत्रकार तेव्हा पेअरवाइज म्हणत. निवड समितीचे निकष जाहीर असतात, आणि ते वापरून कुणीही बाहेर बसून तीच क्रमवारी लावू शकतो. समिती त्या क्रमवारीला इतकी चिकटून राहते की रविवारी शेवटचा सामना संपताक्षणी सोळा नावं बहुतेकांना ठाऊक असतात.

२०१३ मध्ये प्रत्येक संघाची प्रत्येक दुसऱ्या संघाशी तुलना होई, चार निकषांवर: आरपीआय हा निर्देशांक, विचाराधीन संघांविरुद्धची कामगिरी (आरपीआय ०.५०० किंवा त्याहून जास्त असलेले ते विचाराधीन), सामायिक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आणि परस्पर सामने. पहिल्या तीन निकषांना प्रत्येकी एक गुण, परस्पर सामन्यांत प्रत्येक विजयाला एक. गुण सारखे झाले तर जास्त आरपीआयवाला सरस. किती तुलना जिंकल्या त्यावर क्रमांक. (रेन्सलेर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटलाही तिकडे आरपीआयच म्हणतात. इथे आरपीआय म्हणजे फक्त निर्देशांक.)

हा निर्देशांक तेव्हा तीन भागांचा होता: २५ टक्के स्वतःची विजय-टक्केवारी, २१ टक्के प्रतिस्पर्ध्यांची, ५४ टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची. बरोबरी म्हणजे अर्धा विजय.

आता रेन्सलेर आणि येल शेजारी ठेवू. कॉन्फरन्समध्ये रेन्सलेरची टक्केवारी ४४ पैकी २७, म्हणजे ०.६१४. येलची ४४ पैकी २५, म्हणजे ०.५६८. इथवर रेन्सलेर पुढे. कॉन्फरन्सबाहेर रेन्सलेर ५-५-२, म्हणजे ०.५००. येल ४-१-२, म्हणजे ०.७१४. प्लेऑफमध्ये रेन्सलेर १-२, येल एनसीएएपूर्वी २-२. सगळं एकत्र केलं की रेन्सलेर १८-१४-५, ०.५५४; येल १८-१२-३, ०.५९१. विजय दोघांचे अगदी सारखे, अठरा. पराभव येलचे दोनने कमी.

यात आयव्ही लीगचा एक नियम लपलेला आहे. ईसीएसीतले सहा संघ (ब्राऊन, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल) आयव्ही विद्यापीठांचे. ते हंगाम उशिरा सुरू करतात आणि नियमित हंगामात २९ सामने खेळतात. इतरांना ३४ पर्यंत मुभा. म्हणजे कॉन्फरन्सबाहेर येलला सातच सामने, रेन्सलेरला बारा. सात सामन्यांत एकच पराभव असेल तर टक्केवारी चटकन वर जाते. उलट सातांत चार गमावले असते तर ते भरून काढायला जागाच नव्हती. लहान नमुन्याचा हा दुधारी परिणाम आयव्ही संघांच्या बाबतीत दरवर्षी तपासावा.

५४ टक्क्यांच्या भागाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण चाहते त्याच्याकडे पाहतच नाहीत. कॉन्फरन्सच्या आत एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव, त्यामुळे बारा संघांची सरासरी कायम ०.५०० राहते. ती हलते फक्त बाहेरच्या सामन्यांनी. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बारा संघांनी मिळून बाहेर किती जिंकलं, तो आकडा मार्चपर्यंत प्रत्येकाच्या निर्देशांकात बसून राहतो. फेब्रुवारीत एकमेकांना हरवून तो वाढत नाही. म्हणून तळाच्या संघाने नोव्हेंबरमध्ये बाहेर मिळवलेला विजय वरच्या संघांच्याही खात्यात थोडाफार जमा होतो.

अटलांटिक सिटीतले दोन दिवस

उपांत्य आणि अंतिम सामने अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलमध्ये होते. २२ मार्च, शुक्रवार: ब्राऊनने क्विनिपियाकला ४-० हरवलं, युनियनने येलला ५-०. २३ मार्च, शनिवार: अंतिम सामन्याआधी तिसऱ्या स्थानाचा सामना, आणि त्यात क्विनिपियाकने येलला ३-० नमवलं. दोन दिवस, आठ गोल खाल्ले, एकही केला नाही. या हंगामात क्विनिपियाकविरुद्ध येलचा हा तिसरा पराभव होता. आधीचे ६-२ आणि ४-१. तिन्ही मिळून १३-३.

तिसऱ्या स्थानाच्या सामन्याला कुणी जीव लावत नाही असं वाटेल. पण दुसरी वही त्याला पूर्ण सामना म्हणून मोजत होती. ३३ सामन्यांत एका निकालाचा फरक म्हणजे विजय-टक्केवारीत ०.०३०, त्याच्या २५ टक्के म्हणजे आरपीआयमध्ये साधारण ०.००७६. कुंपणावरच्या संघांमध्ये अंतर हजाराव्या भागातलं असतं, त्यामुळे हा फरक दोन-तीन क्रमांक इकडे-तिकडे करायला पुरतो. प्रशिक्षकाने या सामन्यात राखीव गोलरक्षक उतरवायचा की नाही, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही.

दोन्ही पराभवांची एकूण किंमत पाहू. अटलांटिक सिटीला पोहोचताना येल १८-१०-३, म्हणजे ०.६२९. निघताना ०.५९१. घसरण ०.०३८, चौथ्या हिश्शाने जवळपास ०.००९५. यातला थोडा भाग समोरच्यांनी भरून दिला. क्विनिपियाक त्या क्षणी २७-७-५ होतं, म्हणजे ०.७५६, असा प्रतिस्पर्धी यादीत पुन्हा आला की २१ टक्क्यांचा भाग किंचित चढतो. हाच सामना ब्राऊनशी झाला असता आणि येल हरलं असतं, तर ती उशी जवळजवळ मिळाली नसती. ब्राऊनने पहिल्या मानांकिताला हरवलं, ते अशा आडवाटेने येलच्या पथ्यावर पडलं.

आता दुसऱ्यांचे सामने

शनिवारी संध्याकाळी येलच्या हातात काही उरलं नव्हतं. अशा वेळी पाहायचं ते जागा पळवणाऱ्या संघांकडे: जे क्रमवारीने पात्र नाहीत, पण कॉन्फरन्सची अंतिम फेरी जिंकले तर थेट प्रवेश घेऊन एक ॲट-लार्ज जागा गिळतील. एक जागा तशीही क्रमवारीबाहेर गेलीच होती: अटलांटिक हॉकीतून कनिशियस थेट प्रवेशाने आलं, आणि त्याच कॉन्फरन्सचं नायगारा ॲट-लार्ज जागेवर टिकून राहिलं.

उरलेल्या फेऱ्यांत तीन नावं येलसाठी धोक्याची होती. ईसीएसीत ब्राऊन, हॉकी ईस्टमध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटी, सीसीएचएत मिशिगन. ब्राऊनला युनियनने ३-१ हरवलं. बॉस्टन युनिव्हर्सिटीला मॅसॅच्युसेट्स लोवेलने १-०. मिशिगनचा सामना रविवारी, २४ मार्चला, डेट्रॉइटमध्ये. मिशिगन सलग २२ वर्षं एनसीएए स्पर्धेत खेळलेलं होतं आणि ती माळ टिकवायला हा एकच मार्ग उरला होता. नोत्र दामने त्यांना ३-१ हरवलं. तिन्ही निकाल येलच्या बाजूने गेले तेव्हा कुठे शेवटची ॲट-लार्ज जागा त्यांना मिळाली: सोळांत पंधरावं मानांकन, सोळावं कनिशियस.

घरात रेन्सलेरच्या मागे राहिलेला संघ असा आत आला. ईसीएसीतून तिघे गेले: क्विनिपियाक, युनियन, येल. तक्त्यातला पहिला, चौथा आणि तिसरा.

बर्फावर काय घडलं

पंधराव्याची गाठ दुसऱ्याशी, म्हणून येल ग्रँड रॅपिड्सला मिनेसोटासमोर. ३-२, ओव्हरटाइमच्या नवव्या सेकंदाला जेसी रूटचा गोल. दुसऱ्या दिवशी नॉर्थ डकोटावर ४-१. पिट्सबर्गच्या उपांत्य फेरीत लोवेलवर पुन्हा ओव्हरटाइममध्ये ३-२, गोल कर्णधार अँड्र्यू मिलरचा. दुसऱ्या बाजूला क्विनिपियाकने प्रॉव्हिडन्समध्ये कनिशियसला ४-३ आणि युनियनला ५-१, मग सेंट क्लाऊड स्टेटला ४-१ हरवलं होतं.

१३ एप्रिलचा अंतिम सामना म्हणजे क्विनिपियाकचं हॅम्डन आणि येलचं न्यू हेवन या शेजारच्या गावांमधली लढत, तीही पिट्सबर्गमध्ये. पहिले जवळजवळ चाळीस मिनिटं गोल नाही. दुसरा पिरियड संपायला काही सेकंद उरले असताना येलच्या क्लिंटन बुर्बोनेने पक (खेळाची रबरी चकती) आत सरकवला, आणि तिसऱ्या पिरियडमध्ये आणखी तीन. येलचा गोलरक्षक जेफ माल्कमने ३६ फटके अडवले. ४-०. आधीच्या तीन भेटींतल्या १३-३ या आकड्यावरून भाकीत करणारे इथे आपटले. एका सामन्याच्या बाद फेरीत गोलरक्षक चांगला खेळला की मागचे आकडे गप्प बसतात, आणि कॉन्फरन्सने तीनपैकी दोनची मालिका का ठेवली होती हेही यातून कळतं.

असा तक्ता वाचताना

फेब्रुवारीच्या मध्यावर कुठल्याही कॉन्फरन्सची शर्यत तपासायची असेल तर क्रम असा ठेवावा. आधी उरलेले सामने आणि त्यांतून मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण. मग परस्पर निकाल. मग बायची रेषा, आणि तिच्या एका आठवड्याच्या कमाईइतक्या अंतरात कोण कोण आहे ते. इथवर पहिली वही. त्यानंतर प्रत्येकाचा कॉन्फरन्सबाहेरचा हिशेब वेगळा काढायचा. रेन्सलेरचं ५-५-२ तिथेच डोळ्यांत भरलं असतं. आणि शेवटी सगळ्या कॉन्फरन्स स्पर्धांतले जागा पळवू शकणारे संघ. नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त सलग विजयांकडे पाहणं. घरच्या कॉन्फरन्समधली सलग विजयांची लाट मानांकन सुधारते, पण शरद ऋतूत बाहेर गमावलेले सामने ती धुऊन काढत नाही.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना मात्र सावध राहावं. २०१३-१४ पासून विचाराधीन संघांचा निकष रद्द झाला आणि आरपीआयमध्ये घरच्या विजयाला ०.८, बाहेरच्या विजयाला १.२ असं वजन आलं. पुढे ईसीएसीनेही गुणपद्धत बदलली: नियमित वेळेतल्या विजयाला ३, ओव्हरटाइम किंवा शूटआउटमधल्या विजयाला २, तिथे हरणाऱ्याला १. १२-९-१ हा आकडा आज एखाद्या संघापुढे दिसला तर त्यातले किती निकाल साठ मिनिटांत लागले हे विचारल्याशिवाय त्याचे गुण सांगता येणार नाहीत.